नागपूरपासून दोन सारखी अंतरे

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सरळ रेषा धरली तर मुंबईचा विमानतळ सुमारे ६८५ किलोमीटरवर येतो आणि कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा सुमारे ७०० किलोमीटरवर. फरक पंधरा-वीस किलोमीटरांचा. जेट विमानाला तेवढे अंतर कापायला दीड मिनिट पुरते. म्हणजे आकाशातून पाहिले तर कोल्हापूर नागपूरला मुंबईइतकेच जवळ आहे. तरीही नागपूर–मुंबई हा हवाई मार्ग स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाच्या आत रोजच्या रोज, तोही मध्यरात्री, चालू झाला होता. आणि नागपूर–कोल्हापूर थेट विमानासाठी २०२५ साल उजाडावे लागले. मधल्या पाऊणशे वर्षांत पृथ्वीचा आकार बदललेला नाही. मग हा वेळ गेला कुठे, हे एकदा नीट तपासायला हवे.

आधी अंतराचाच हिशेब करू, कारण तो कोणालाही घरबसल्या करता येतो. उजळाईवाडीचा अक्षांश सुमारे १६.६६ अंश, सोनेगावचा २१.०९ अंश. फरक जवळपास साडेचार अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडे सुमारे ४९० किलोमीटर जायचे. रेखांशातला फरक पावणेपाच अंशांचा. पण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येतात, म्हणून आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरांचा पडतो. त्या हिशेबाने पूर्वेकडे ५०० किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण काढला की ७०० किलोमीटर हाती येतात. वैमानिक हेच अंतर सुमारे ३८० सागरी मैल म्हणून मोजेल. लहान जेटला जमिनीवरचे सरकणे धरून यासाठी सव्वा तास लागतो, पंख्याच्या एटीआर विमानाला पावणेदोन तास. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमेचे वारे जोरात असले तर नागपूरकडे जाताना काही मिनिटे वाचतात आणि परतताना तीच फेडावी लागतात.

हा हिशेब आज मोबाइलवर क्षणात होतो. पण या भूमीवर तो पहिल्यांदा करायला माणसांनी जीव वेचला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची महामोजणी सुरू केली. शंभर फुटी पोलादी साखळी, बैलगाड्या, अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र आणि तापाने माणसे दगावणारे रान, अशा स्थितीत त्यांनी दख्खन ओलांडले. हैदराबादकडून नागपूरकडे जात असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या या गावाला आपल्या शालेय पुस्तकांत यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी होती.

त्याच मोजणीचा वारसा सांगणारा झिरो माइलचा स्तंभ नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उभा आहे. वाळूच्या दगडाचा स्तंभ, शेजारी चार घोडे आणि १९०७ साली बसवलेला मोजणीचा दगड. हा देशाचा अचूक मध्यबिंदू आहे असे पर्यटकांना सांगितले जाते, ते शास्त्रीयदृष्ट्या तितकेसे खरे नाही. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती स्तंभाच्या षट्‌कोनी पायावर कोरलेली गावांची यादी. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, शिवनी ७९ मैल. त्याच ओळीत रायपूर, छिंदवाडा, बैतूल, चांदा. मुंबई त्यात नाही, पुणे नाही, कोल्हापूर असण्याचा तर प्रश्नच नाही. मध्य प्रांताच्या राजधानीला ज्या गावांशी कारभार करायचा होता तीच गावे दगडावर आली. कोणती अंतरे मोजून कोरायची हे त्या काळच्या सरकारच्या गरजेने ठरवले, आणि रेल्वेचे रूळही त्याच गरजेने पडले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबई बंदरात पोहोचावा म्हणून १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला रेल्वे आली. कोल्हापूर संस्थानची रेल्वे १८९१ मध्ये मिरजेला जोडली गेली आणि मिरजेहून पुण्या-मुंबईकडे. दोन्ही गावांचे रूळ मुंबईत जाऊन मिळतात. ती एकमेकांना कधी मिळावीत असे कोणाच्याही मनात नव्हते, कारण एक गाव संस्थानात आणि दुसरे इंग्रजांच्या प्रांतात, दोन वेगळ्या राज्यांत होती.

विमान आले तेव्हा हा साचा मोडण्याची संधी होती. विमानाला ना रूळ लागतो, ना घाट फोडावा लागतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेतल्या आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून, अहमदाबादला थांबून, दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर विमान उतरवले. तेव्हाचे पस मॉथ विमान ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर जात असे. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, म्हणून टाटांचे विमान पुण्याहून उडे. इतकी कच्ची, इतकी मोसमावर अवलंबून असलेली ती सुरुवात होती. आता या वेगाने कोल्हापूर–नागपूर अंतर कापून पाहा: साडेचार तास. मध्ये पेट्रोल भरायला एक थांबा धरला तरी सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला नागपुरात. १९३२ चे यंत्र एवढे करू शकत होते.

आणि कोल्हापूर मागे नव्हते. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ बांधला आणि ५ जानेवारी १९३९ रोजी तो सुरू झाला. देशात बहुतेक जिल्ह्यांच्या गावांना धड डांबरी रस्ता नव्हता, त्या काळात एका संस्थानाने स्वतःच्या खर्चाने आकाशात दार उघडले. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, राजाराम महाराज गेले. महायुद्ध सुरू होते. संस्थान विलीन झाले आणि ज्या राजाच्या इच्छेवर तो विमानतळ उभा होता ती इच्छाच इतिहासजमा झाली. नंतरच्या कोणत्याही सरकारने ती जागा तितक्या हौसेने भरून काढली नाही, ही खंत कोल्हापूरकर आजही बोलून दाखवतात, आणि ती रास्त आहे.

नागपूरचे नशीब त्याच सुमाराला उजळले. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीच्या हवाई टपालाची योजना आखली गेली आणि ३० जानेवारी १९४९ पासून ती सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमायची. धावपट्टीशेजारी थैल्या उतरायच्या, दिव्यांच्या उजेडात एका विमानातल्या थैल्या दुसऱ्यात चढायच्या, पुढे जायचे प्रवासी विमान बदलायचे, आणि पहाटेच्या आत प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परतायचे. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जायचे. रडार नाही, आजच्यासारखी उपग्रहावर चालणारी दिशादर्शनाची साधने नाहीत, डाकोटा विमानांना ताशी तीनशे किलोमीटरांच्या आत-बाहेरचाच वेग. तरी ही सेवा सत्तरच्या दशकापर्यंत चालली. अवघ्या दीड वर्षाच्या स्वतंत्र देशाने हे करून दाखवले, याचा मला आजही अभिमान वाटतो.

या योजनेतला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. नागपूर मध्यभागी आहे म्हणून चार दिशांची विमाने तिथे आली हे खरे, पण ती आपोआप आली नाहीत. टपाल खात्याने ठरवले की देशाचे पत्र एका रात्रीत पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी रोज चार विमानांचा खर्च सरकार सोसेल. नागपूरचे मध्यवर्ती स्थान लाखो वर्षांपासून होते. ते कामाला आले त्या निर्णयामुळे. पाचवे विमान दक्षिण महाराष्ट्रातून निघावे असे कोणी ठरवले नाही, कारण १९४९ मध्ये नागपूर अजून मध्य प्रांतात होते आणि कोल्हापूर नुकतेच मुंबई राज्यात येत होते.

मग नागपूर करार झाला, १९५३ मध्ये. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते. कागल, राधानगरी, शिरोळ इथला आमदार विदर्भाच्या प्रश्नांवर बोलायला नागपूरला जाणार आणि राज्य एक होणार, अशी ती भावना होती. पण त्या आमदाराने जायचे कसे, याचा विचार करारात नव्हता. आमदाराचे निभावते, खरी परवड सामान्य माणसाची झाली. कोल्हापूर ते गोंदिया धावणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस एका राज्याच्या हद्दीत तेराशेहून अधिक किलोमीटर जाते. पुणे, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेत दुपारी कोल्हापूर सोडलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपार कलताना नागपुरात उतरतो. सरळ रेषेच्या ७०० किलोमीटरांसाठी एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र. या गाडीत मी प्रवास केला आहे. वर्ध्याला माहेरी निघालेल्या सुना, नागपूरला परीक्षेला निघालेली मुले, इचलकरंजीहून सुताचा नमुना घेऊन जाणारा व्यापारी, सगळे एका डब्यात. मिरजेला घरचे डबे उघडतात, रात्री दौंडपर्यंत गप्पा संपतात आणि सकाळी भुसावळला केळीवाला आला की कोणीतरी म्हणते, अजून अर्धा दिवस आहे.

१९५३ मध्येच विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. इंडियन एअरलाइन्सने मोठी शहरे सांभाळली, लहान गावे मागे राहिली. ती चूक सुधारायला १९८१ मध्ये वायुदूत ही कंपनी काढली. पुढे कानपूरला बांधलेली एकोणीस आसनांची डॉर्नियर विमाने तिच्या ताफ्यात आली, लहानसहान धावपट्ट्यांची नावे वेळापत्रकात झळकली. नव्वदच्या दशकात तोट्याखाली वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली आणि तिची गावे पुन्हा नकाशावरून गेली. नंतर खासगी कंपन्या आल्या. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने बंगळूर–हुबळी मार्गाने सुरुवात करून दाखवले की लहान शहरांतला माणूस परवडले तर विमानात बसतो. कोल्हापूरला किंगफिशरचे मुंबई विमान येत असे. ते २०११ च्या अखेरीस थांबले आणि २०१८ पर्यंत राजाराम महाराजांचा विमानतळ नियमित प्रवासी विमानाची वाट पाहत राहिला. जवळजवळ सात वर्षे. इतक्या काळात पहिलीत गेलेले मूल सातवी संपवते.

उडान योजना २०१६ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्यात पूर्वीच्या प्रयत्नांपेक्षा अधिक समज होती. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा, रिकाम्या राहू शकणाऱ्या आसनांसाठी कंपनीला तीन वर्षे तूटभरपाई, त्यात राज्याचा वाटा, विमान इंधनावर राज्याचा कर एक टक्क्यावर. २७ एप्रिल २०१७ रोजी ज्या पहिल्या विमानांना पंतप्रधानांनी झेंडा दाखवला त्यांत नांदेड–हैदराबाद होते. नांदेडचा विमानतळ गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ च्या सुमारास सजला होता. त्याला प्रवासी मिळाले. कोल्हापूरची धावपट्टी १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली आणि मार्च २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. हे काम खरे आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

पण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये या योजनेचा जो हिशेब मांडला, तो वाचून अस्वस्थ व्हायला होते. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि तूटभरपाई संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४. म्हणजे शंभरांतले सात. नांदेडकरांनी हे अंगावर झेललेच: पहिली कंपनी बंद पडली, विमाने थांबली, मग २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरुवात केली.

यामागे कोणाचा दुष्टपणा नाही, धंद्याचे गणित आहे. विमान उडवण्या-उतरवण्याचा खर्च अंतर कितीही असो बराचसा तेवढाच असतो. म्हणून जवळच्या मार्गावर किलोमीटरमागे तो जास्त पडतो. लहान विमानात तो वाटून घ्यायला आसने कमी. मुंबईच्या धावपट्टीवर एकेक वेळ इतकी मोलाची की तिथे सत्तर आसनी विमान आणण्यापेक्षा दोनशे आसनी आणणे कंपनीला परवडते. असे असूनही प्रत्येक नवा विमानतळ पहिल्यांदा मुंबईचेच विमान मागतो. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये सेवा सुरू झाली तीही मुंबईसाठी. मागणी मुंबईची असते हे मान्य. पण ती मागणी दीडशे वर्षांच्या रुळांनी घडवलेली आहे. ज्या मार्गावर वर्षानुवर्षे थेट विमानच सोडले नाही, त्या मार्गाची मागणी मोजायची कशी? कोल्हापूरचा माणूस नागपूरला कमी जातो, कारण तिथे जाणे त्याला जमलेले नाही. मुंबईमार्गे जायचे तर आकाशातच जवळपास तीनशे किलोमीटर जास्त, वर विमान बदलण्याचे ताटकळणे. त्याने दोन गावांची गाठ पडत नाही, फक्त दोन्हींची मुंबईशी पडते.

२०२५ च्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी दशकानुदशके लढा दिला, कारण एका तारखेसाठी मुंबईला जाऊन येण्यात दोन दिवसांची मजुरी बुडत होती. कारभाराने ठरवले तर अंतर असेही कमी होते: संस्था माणसाजवळ नेऊन. पण विधिमंडळाचे अधिवेशन, विद्यापीठ, मोठे रुग्णालय, बाजार, हे सगळे प्रत्येक जिल्ह्यात नेता येत नाही. तिथे माणसालाच न्यावे लागते, आणि त्याला वेळेत नेणे हे राज्याचे काम आहे. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली तेव्हा ती नफ्याचा मार्ग शोधत निघाली नव्हती. तोट्यातल्या मुक्कामी गाड्या तिने आजवर चालवल्या आणि गावे जगाला जोडली. विमानाचे तिकीट एसटीइतके स्वस्त होणार नाही, हे मला कळते. पण राज्यातल्या दोन टोकांना रोज एक विमान, ठरल्या वेळेला, ही मागणी श्रीमंतांची चैन म्हणून उडवून लावणे चुकीचे आहे. नागपूरला बायपाससाठी निघालेल्या वडिलांना चोवीस तास गाडीत बसवणाऱ्या मुलाला विचारा.

ते वडील विमानाने निघाले तर काय होते? इचलकरंजीहून उजळाईवाडी एक तास, विमानतळावर दीड तास, हवेत सव्वा तास, सोनेगावहून शहरात अर्धा तास. सगळे मिळून सव्वाचार-साडेचार तास. ही वेळ मात्र विमान त्या दिवशी असेल तरच खरी. आठवड्यातून चारच दिवस विमान असेल तर उरलेल्या तीन दिवसांत आजारी पडलेल्याला रेल्वेचेच चोवीस तास लागतात. विमान वारंवार रद्द होत असेल तर शहाणा माणूस त्यावर भिस्त ठेवत नाही, रेल्वेचे तिकीटही काढून ठेवतो, मग विमान रिकामे जाते, आणि मग कंपनी म्हणते मागणी नाही. वायुदूतपासून आजपर्यंत कित्येक मार्ग याच फेऱ्यात बुडाले.

म्हणून राज्य सरकारने तूटभरपाईची मुदत तीनऐवजी दहा वर्षांची करावी आणि ती उडालेल्या विमानांच्या संख्येवर द्यावी, रद्द झालेल्यांची कापून. सकाळी कोल्हापूर सोडून रात्री परतता येईल अशी वेळ आधी ठरवावी आणि कंपनीची निवड त्या वेळेसाठी करावी; आज उलटे होते, कंपनीच्या सोयीने उरलेली वेळ गावाच्या पदरी पडते. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मार्गावर किती विमाने ठरली होती, किती उडाली आणि किती वेळेवर उतरली याचा तक्ता विधिमंडळात ठेवावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे आमदार दरवर्षी असतातच. विदर्भाचे आमदारही त्याच सभागृहात बसतात. दोघांनी मिळून ही मागणी लावून धरली तर अर्थमंत्र्यांना उत्तर द्यावे लागेल, आणि एका मार्गाची वर्षाची तूट राज्याच्या अर्थसंकल्पात शोधायला भिंग लागेल इतकी लहान आहे.